गोबरा मासा व आमचा लाल शेरा

यंदाच्या वार्षिकांकाकरिता काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा नेहमीप्रमाणे वक्तशीरपणा, सत्संगती किंवा वाचनाची गोडी यांपैकी एखादा विषय घेऊन चार उपदेशपर शब्द लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु जो मनुष्य वीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका दाखवीत आला, त्याने एकदा तरी स्वतःची चूक सांगावी, हे न्यायास धरून होईल. ज्या विद्यार्थ्यासंबंधी ही चूक घडली त्याची व त्याच्या वडिलांची अनुमती आम्ही घेतली आहे. त्याचे नाव मात्र येथे देत नाही. वर्गातील मुलांस ते ठाऊक आहेच, आणि इतरांस ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

हा विद्यार्थी वारंगा फाट्याकडून शाळेत येतो. ज्या पालकांनी नांदेडाहून हिंगोलीस किंवा उमरखेडाकडे प्रवास केला असेल, त्यांस हा फाटा सांगावयास नको. कळमनुरी तालुक्यातील या ठिकाणी एक रस्ता हिंगोली, वाशीम, अकोला असा वर जातो, दुसरा यवतमाळ, वर्धा करीत नागपुराकडे वळतो, आणि तिसरा नांदेड, लातूर, तुळजापूर असा दक्षिणेस उतरतो. दिवसरात्र मालमोटारी थांबतात, चालक उतरून गरम खिचडी खातात, आणि पुन्हा आपापल्या दिशेस लागतात. पायाखाली काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा. भोवती सोयाबीन, कापूस आणि हळद. पाणी म्हणावे तर कयाधू, पैनगंगा आणि इसापूरचे धरण. सर्वांत जवळचा समुद्रदेखील चारशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. अशा ठिकाणच्या मुलाने समुद्रातील माशावर निबंध लिहावा, हेच मुळी आम्हांस चमत्कारिक वाटले, आणि तेथूनच आमच्या चुकीस प्रारंभ झाला.

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही नववीच्या वर्गास ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला. हा विषय किती जुना आहे, हे पालकांस त्यांच्या शाळेच्या आठवणीवरून कळेल. गाय, बैल, कुत्रा व मोर यांवरील निबंधांचा गठ्ठा तपासता तपासता रात्रीचे दहा वाजले. अखेरीस या मुलाची वही हाती आली. तीत गोबरा नावाच्या माशाचे वर्णन होते. हा मासा समुद्रातील खडकांच्या कपारीत वाघासारखा राहतो. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही, तोंड उघडतो आणि भक्ष्य आपोआप आत जाते. तो कधी कधी दुसऱ्याच जातीच्या माशास शिकारीला बोलावून नेतो. तो शंभर वर्षे जगतो. आणि तो आधी आई असतो व मोठा झाला की बाप होतो. असा त्या निबंधाचा आशय होता.

आम्ही त्यातील तीन वाक्यांखाली लाल रेघा ओढल्या. आपोआप तोंडात जाणारे भक्ष्य, शिकारीचा सोबती, आणि आईचा बाप होणे, ही ती तीन वाक्ये. खाली शेरा लिहिला: ‘कल्पनाविलास पुरे. सत्य लिहावे.’ एवढ्यावरच थांबलो असतो तर अपराध लहान राहिला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही ती वाक्ये वर्गात मोठ्याने वाचून दाखविली. वर्ग हसला. आम्हीही हसलो. हे लिहिताना लाज वाटते, तथापि तेच खरे आहे. मुलगा उभा राहून एवढेच म्हणाला, “सर, मोठ्या गोबऱ्यात गाबोळी नसते.” गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातील अंड्यांची पिशवी. आम्ही त्यास खाली बसावयास सांगितले.

दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागली. चौकशी करता कळले की, त्याचे वडील मालमोटार चालवितात. मासे भरावयाची रिकामी खोकी घेऊन कोकणात जातात आणि बर्फात घातलेले मासे घेऊन विदर्भाकडे परततात. मुलगा आता त्यांच्यासोबत क्लीनर म्हणून जात होता. चौदा वर्षांचा, वाचनाची आवड असलेला मुलगा एका लाल शेऱ्यापायी मोटारीच्या चाकांत हवा भरू लागला होता. घरी अन्य कारणेही असतील अशी आम्ही मनाची समजूत घातली. मनाची समजूत घालण्यात शिक्षक फार पटाईत असतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी आम्ही वारंगा फाट्यावर उतरलो आणि खिचडीच्या दुकानापाशी त्याच्या वडिलांची वाट पाहत बसलो. मोटार आली. मुलाने आम्हांस पाहिले आणि तो मोटारीच्या पलीकडील बाजूस गेला. वडील मात्र हात धुऊन समोर येऊन बसले. आम्ही मुलाच्या शिक्षणाविषयी जे बोलावयाचे ते बोललो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, लेकरू खोटं बोललं असंल तर त्याला मारा, माझं काही म्हणणं नाही. पण गाबोळीची गोष्ट म्या माझ्या डोळ्यानं पाह्यली. तुमी कवा पाह्यली का?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही पदवीधर, मिशनच्या अध्यापक विद्यालयात शिकलेले. परंतु गोबरा मासा आम्ही उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या मुलाने पाहिला होता. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांबरोबर तो मालवणच्या किनाऱ्यावर गेला होता. शिकारीच्या सोबत्याची हकीकत त्याने मोबाइलवरील एका चित्रफितीत पाहिली होती, आणि उरलेले किनाऱ्यावरील वृद्धांकडून ऐकले होते. पाहणारा खोटा आणि न पाहणारा खरा, असा निवाडा आम्ही दिला होता.

त्या रात्री घरी येऊन आम्ही पुस्तके उघडली, आणि पुढील तीन आठवडे तोच उद्योग केला. जे आढळले ते आता मुलांकरिता थोडक्यात सांगतो.

गोबरा, ज्यास कोकणात कोठे हेकरू असेही म्हणतात, ही एकच जात नसून खडकाळ समुद्रात राहणाऱ्या माशांचे मोठे कुळ आहे. जगात त्याच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. काही हातभर लांबीच्याच राहतात, तर सर्वांत मोठी जात सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि चारशे किलो वजनापर्यंत वाढलेली आढळली आहे. अंग जाड, डोके मोठे, खालचा जबडा पुढे आलेला, आणि वर्ण असा की, खडकाशेजारी स्थिर राहिला तर मासा कोणता व खडक कोणता हे सांगणे कठीण. तो आपली कपार सहसा सोडीत नाही. खेकडे, शेवंड, अष्टपाद व लहान मासे हे त्याचे अन्न होय.

आता पहिली लाल रेघ. हा मासा तोंड उघडतो म्हणजे केवळ ओठ विलग करीत नाही. जबडा एकाएकी खाली व पुढे येतो, गालफडे बाहेर पसरतात, आणि तोंडात अकस्मात मोठी पोकळी निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी बाहेरचे पाणी वेगाने आत धावते आणि समोरचा मासा किंवा खेकडा त्या पाण्याबरोबर ओढला जातो. पाणी कल्ल्यांवाटे बाहेर पडते, भक्ष्य आत राहते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला असता पाणी जसे नळीत चढते, तसाच हा प्रकार. मुलाने ‘आपोआप’ हा शब्द योजिला होता. शब्द ढोबळ असेल, परंतु खोटा नव्हता.

दुसरी रेघ. तांबड्या समुद्रातील गोबऱ्यांविषयी शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण असे की, भक्ष्य एखाद्या अरुंद भेगेत लपले आणि आपले जाड अंग तेथे शिरेना, म्हणजे गोबरा जवळच्या बिळातील सर्पाकृती वाम माशाच्या तोंडापुढे जाऊन आपले डोके झपाझप हालवितो. वाम बाहेर येते आणि त्याच्या मागोमाग जाते. ती भेगांत शिरून भक्ष्य हुसकावते. भक्ष्य बाहेर पळाले तर ते गोबऱ्याचे, आत सापडले तर वामीचे. दोन भिन्न जातींचे जीव कोणतीही भाषा नसता असा संकेत करितात आणि तो समजून घेतात, ही गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. आमच्याच वर्गात एक मुलगा आमच्याशी आमच्याच भाषेत बोलत होता, आणि आम्हांस तो समजला नव्हता.

तिसरी रेघ सर्वांत ठळक ओढली होती, म्हणून तिचे उत्तरही सविस्तर दिले पाहिजे. परमेश्वराने जीवसृष्टीत जी विविधता घातली आहे तिच्यात असेही मासे आहेत की, जे आयुष्याच्या पूर्वार्धात मादी व उत्तरार्धात नर असतात. गोबऱ्याच्या पुष्कळ जाती या प्रकारच्या आहेत. भूमध्य समुद्राच्या खडकांत राहणाऱ्या एका तपकिरी गोबऱ्याचा या बाबतीत पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो सुमारे पाच वर्षांचा झाला म्हणजे अंडी घालू लागतो, कित्येक वर्षे घालतो, आणि साधारणपणे दहा-बारा वर्षांनंतर, पुरेसा वाढल्यावर, त्याचे रूपांतर नरात होते. प्रत्येक मादी नर होतेच असे नाही. पण मोठे नर पाहावे तर ते बहुधा पूर्वाश्रमीच्या माद्याच असतात. याचे कारण असे सांगतात की, लहान असतानाही मादी थोडीबहुत अंडी घालू शकते. परंतु कपारींचा प्रदेश राखून इतर नरांस दूर ठेवावयाचे तर देह मोठा लागतो. ज्या वयास जे काम अधिक फलदायी, ते काम त्या वयास नेमून दिलेले आहे.

वय कसे कळते, असे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. माशाच्या कानाच्या जागी चुन्यासारख्या द्रव्याचे लहान खडे असतात. त्यांवर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षावर्षाची वलये पडतात. खडा कापून भिंगाखाली वलये मोजली म्हणजे वय कळते. भूमध्य समुद्रातील या गोबऱ्याचे वय याप्रमाणे पन्नास वर्षांच्या घरात गेलेले आढळले आहे.

वाचता वाचता एक अशी हकीकत हाती लागली की, मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाने ती जपून ठेवावी. तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे, म्हणजे जेथून तंजावरच्या भोसल्यांचे राज्य फार दूर नव्हते तेथे, डॅनिश वसाहत होती. सरफोजी राजांचे गुरू श्वार्ट्झ हे प्रथम तेथील मिशनमध्येच आले होते. त्याच मिशनमध्ये १७७१ साली क्रिस्तोफ सामुएल जॉन नावाचा पाद्री आला आणि १८१३ साली मरेपर्यंत शाळा चालवीत राहिला. शाळेतून सवड मिळेल तेव्हा तो किनाऱ्यावरील मासे गोळा करी आणि ते बर्लिन येथील ब्लॉख नावाच्या यहुदी वैद्याकडे पाठवी. ब्लॉख हा त्या काळचा थोर मत्स्यशास्त्रज्ञ. आपण ज्यांस बाजारात ढोमा म्हणतो त्यांपैकी काही माशांच्या गणास त्याने या पाद्र्यावरून ‘जॉनियस’ असे नाव दिले. ब्लॉख १७९९ साली मरण पावला. त्याचे अपुरे काम श्नायडर याने पूर्ण करून १८०१ साली जो ग्रंथ छापला, त्यात आपल्या समुद्रातील एका मोठ्या गोबऱ्यास ‘मलबारिकस’ हे नाव मिळाले, आणि ते आजतागायत चालत आहे. एक ख्रिस्ती शाळामास्तर, एक यहुदी वैद्य, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत असे किनाऱ्यावरील कोळी! या तिघांपैकी एकाने जरी दुसऱ्याच्या सांगण्यास ‘कल्पनाविलास’ म्हटले असते, तर ते काम झाले नसते. दोनशे वर्षांपूर्वीचा शिक्षक कोळ्याच्या टोपलीपाशी जाऊन बसला होता. आम्ही मात्र खुर्चीवरून उठलो नव्हतो.

तेव्हा उठावयाचे ठरविले. नाताळचा सण घरी झाला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी वारंगा फाट्यावरून आम्ही त्याच मोटारीत बसलो. चालकाच्या आसनावर वडील, मध्ये मुलगा, कडेस आम्ही. नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा तो लांबचा रस्ता. सोलापुरापर्यंत मुलगा आमच्याशी एक शब्द बोलला नाही. आम्हीही बळे बोलविले नाही. कोल्हापूर मागे टाकून राधानगरीच्या रानातून फोंडा घाट उतरू लागलो, तेव्हा काळा दगड संपून तांबडी माती दिसू लागली. मुलगा हळूच म्हणाला, “सर, आता वास येईल.” थोड्या वेळाने समुद्राचा खारट वास आला. आमच्या प्रवासातील तो पहिला संवाद.

मालवण येथे पहाटे किनाऱ्यावर जो देखावा पाहिला, त्याचे वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही. समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास आरंभिलेला सिंधुदुर्ग, आणि अलीकडे वाळूवर माशांचे ढीग, बर्फ, काटे, लिलावाचा गलबला. बांगडे व तारल्यांच्या ढिगापासून वेगळा, ओल्या तरटावर एक गोबरा ठेविला होता. जाळ्याने नव्हे, गळाने धरलेला. लांबी मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढी. मेल्यावरही त्याचे तोंड उघडेच होते आणि त्यात आमची मूठ सहज गेली असती. मुलाने आम्हांस मासे कापणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे नेले. त्यांस त्याने आमची ओळख करून दिली ती ‘आमचे सर’ अशी. ‘आमचे’ हा शब्द ऐकून आमच्या जिवास किंचित आधार वाटला.

आम्ही बाईंस आमचा प्रश्न विचारला. त्यांनी कोयता न थांबविता उत्तर दिले, “गुरुजीनू, चाळीस वर्सां मासे कापतंय मी. मधल्या अंगाच्या गोबऱ्यात गाबोळी गावता. असल्या मोठ्यात माका कधी गावली नाय.” मग त्यांनी मान वर करून विचारले, “तुमच्या बुकात काय लिवलाहा?” आम्ही म्हणालो, “तुम्ही सांगता तेच लिहिले आहे.” त्या हसल्या आणि पुन्हा कामास लागल्या. बुकाने आपल्या म्हणण्यास दुजोरा दिला याचे त्यांस विशेष वाटल्याचे दिसले नाही.

दुपारी भरती-ओहोटी पाहून एका नावाड्याने आम्हां दोघांस किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नेले. हा सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तेथील उथळ पाण्यात प्रवाळही आहेत. पाण्याखाली पाहण्याचा काचेचा मुखवटा व श्वासाची नळी लावून, अंगात तरंगणारे जाकीट घालून, चाळिशी ओलांडलेले आम्ही भीत भीत पाण्यात उतरलो. प्रथम नाकातोंडात पाणी गेले. मुलाने आमचा हात धरला. मग हळूहळू खालचे जग दिसू लागले. हिरवट अंधुक उजेड, शेवाळाने मढलेले खडक, आणि मध्येच चमकून जाणारे पिवळे-काळे मासे. मुलाने एका कपारीकडे बोट केले. आम्हांस काहीच दिसेना. त्याने पुन्हा बोट केले. आणि मग खडकाचा जो भाग आम्ही इतका वेळ पाहत होतो, त्यालाच एक डोळा आहे असे कळले. हातभर लांबीचा गोबरा होता. कल्ले संथपणे उघडझाप करीत तो आमच्याकडे पाहत होता. पळाला नाही. थोड्या वेळाने एक पाऊल मागे सरावे तसा कपारीत सरला, आणि तेथे पुन्हा नुसता खडक राहिला.

नावेत चढल्यावर मुलाने विचारले, “सर, दिसला?”

आम्ही म्हणालो, “दिसला.”

यापलीकडे त्या दिवशी काही बोलणे झाले नाही, आणि आवश्यकही नव्हते.

परतीच्या वाटेवर मात्र तो पुष्कळ बोलला. त्याने एक प्रश्न असा विचारला की, तो येथे नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. तो म्हणाला, “सर, मोठे गोबरे सगळे बाप असतील, आणि लोक मोठाच मासा पकडतात, तर मग बाप उरणार कुठून?” मत्स्यशास्त्रज्ञांस जी चिंता आहे ती हीच होय. सर्वांत मोठे मासे धरले गेले म्हणजे नर कमी होतात. मोठ्या माद्यांपैकी काहींचे नरांत रूपांतर होऊ शकते हे खरे; परंतु त्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्याही धरल्या गेल्या तर वंश खुंटतो. शिवाय वयात येण्यास उशीर लागणारा, एकाच कपारीस धरून राहणारा मासा धरण्यास सोपा व भरून येण्यास कठीण असतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावरील महाकाय गोबरा याच कारणाने दुर्मिळ झाला, म्हणून १९९० साली त्याच्या शिकारीस पूर्ण बंदी करावी लागली. फ्रान्सने १९९३ साली आपल्या भूमध्य किनाऱ्यावर भाल्याने गोबरा मारण्यास मनाई केली. दोन्ही ठिकाणी मासा हळूहळू परत दिसू लागला. राखले तर परत येते, हा दिलासा त्यात आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. परंतु घरी बसून कोळ्यास दोष देणे सोपे आहे. त्या पहाटे त्या एका गोबऱ्याची जी किंमत आली, तिच्यात दोन माणसांची रात्र, नावेचे इंधन, आणि कदाचित एखाद्या मुलाची शाळेची फी होती. मुलाचे वडील तोच मासा बर्फात घालून विदर्भात पोचवितात, आणि त्याच भाड्यावर त्यांचे घर चालते. तेव्हा मासा राखावयाचा तर माणसासही राखावे लागेल. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि या वेळी आम्ही ते तसे स्पष्ट सांगितले. मुलगा म्हणाला, “मग शोधावं लागंल.” वडिलांनी मोटार चालविता चालविता एकदा त्याच्याकडे पाहिले. नांदेड ओलांडल्यावर ते म्हणाले, “सर, जानेवारीपासून पाठवतो त्याला.”

सन २०२५ च्या जानेवारीत, शाळा भरल्याच्या पहिल्या दिवशी, आम्ही ती वही वर्गात पुन्हा वाचली. या वेळी संपूर्ण. तीनही वाक्ये खरी आहेत, ती खोटी ठरविण्यात आमची चूक झाली, आणि वर्गासमोर केलेल्या अपमानाची क्षमाही वर्गासमोरच मागितली पाहिजे, म्हणून ती मागतो, असे म्हणालो. वर्ग स्तब्ध होता. कोणी हसले नाही. कापलेले गुण आम्ही परत दिले.

तेव्हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, एक वाक्य चुकलंय. शंभर वर्षे जगतो असं मी लिहिलं होतं. त्याला आधार सापडला नाही. ते खोडा.”

विद्यार्थी मित्रहो, त्या निबंधात खरोखर निराधार असे एकच वाक्य होते, आणि नेमके त्याच्याखाली आम्ही रेघ ओढली नव्हती. ते आमच्या नजरेखालून सहज निसटले. कारण मोठा मासा पुष्कळ जगतो, हे आमच्या समजुतीस पटण्यासारखे होते. जे पटले ते आम्ही तपासले नाही, आणि जे पटले नाही तेही तपासले नाही. दोन्ही वेळा तपासणी केली ती केवळ आमच्या सवयीची. ईयोबाच्या पुस्तकात समुद्रातील माशांसही विचारून पाहा, ते तुला सांगतील, अशा अर्थाचा जो बोध आहे, तो आम्ही कित्येक प्रार्थनासभांत समजावून सांगितला होता; पण माशास विचारण्यापूर्वी मासा पाहिलेल्या मुलास विचारावे, एवढे सुचले नव्हते.

पालकांस एवढीच विनंती की, आपले मूल घरी येऊन काही विलक्षण सांगू लागले, तर ‘गप्प बैस’ म्हणण्यापूर्वी ‘कोठे पाहिलेस?’ असे विचारावे. उत्तरात कधी कल्पना निघेल, कधी मोबाइलवरील थाप निघेल, आणि कधी एखादा गोबरा निघेल. त्यांतील भेद ओळखावयास मुलास शिकविणे, हेच आपले व आमचे काम आहे.

तो मुलगा यंदा दहावीच्या परीक्षेस बसत आहे. परवा त्याने आणखी एक निबंध आणून दिला. विषय इसापूरच्या धरणातील मरळ मासा. नर-मादी मिळून आपल्या पिलांच्या थव्यास कशी राखतात, याचे त्यात वर्णन आहे. प्रत्येक विधानापुढे कंसात ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘वाचले’ असे लिहिले आहे. आम्ही लाल लेखणी हाती घेतली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि ‘ऐकले’ असे जेथे होते तेथे समासात लिहिले: ‘रविवारी दोघे जाऊन पाहू.’